झोळीचा शॉट: खान्देशातल्या एका थ्रिलरचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका तालुक्यातल्या पोरापोरींनी मिळून एक थ्रिलर केला, त्याचं हे प्रकरण. पिक्चर साधारण पन्नास मिनिटांचा, निम्मा अहिराणी निम्मा मराठी, थेट यूट्यूबवर टाकायचा. माणसांची, गावाची, चॅनलची नावं देत नाहीये आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. मी यात स्क्रिप्ट वाचायला होतो, पुढे एडिटला पण बसलो.

दिग्दर्शक तिशीतला, आधी अहिराणी कॉमेडी आणि लग्नाची गाणी करून चॅनल बऱ्यापैकी चालवलेला. कॅमेरावाला लग्नाच्या ऑर्डरी घेणारा, ड्रोन त्याचाच. लेखिका झेडपीच्या शाळेत शिक्षिका, म्हणून सगळे तिला मॅडमच म्हणायचे. पैसे लावणारे अप्पा, त्यांचं कृषी सेवा केंद्र. शेजारी मालेगावात हौशी लोकांनी कमी पैशात पिक्चर काढायची मोठी परंपरा आहे, पण ती बरीचशी कॉमेडीकडे झुकलेली, आणि या टीमला काहीतरी वेगळं करायचं होतं. थ्रिलर ठरलं ते जागेमुळे. केळीच्या बागेत रात्री उभं राहून बघा एकदा, सगळ्या ओळी सारख्याच दिसतात, दहा पावलं आत गेलं की बाहेर कुठून निघायचं कळत नाही, वारा नसला तरी फाटलेली पानं कुठेतरी वाजत असतात, आणि शेतीची थ्री-फेज लाइट रात्रपाळीची असली की बॅटरी घेऊन कोणी ना कोणी बागेत फिरतच असतं. भीती दाखवायला वेगळा सेट लागतच नाही.

पहिल्या ड्राफ्टची गोष्ट अशी होती. आठवडी बाजाराच्या दिवशी नऊ वर्षांची मुलगी गायब होते. बाजारात दोन डवरी गोसावी, म्हणजे भिक्षा मागत गावोगाव फिरणाऱ्या समाजातले, दिसलेले असतात, भगवे कपडे, हातात डमरू, खांद्याला झोळी. संशय त्यांच्यावर. मग बागेचा राखणदार, तो पावरा आदिवासी, त्याच्यावर थोडा संशय. मग डोंगराकडे एकटी राहणारी म्हातारी, जिला गाव डाकीण म्हणतं, तिच्या झोपडीत एक घाबरवणारा सीन. मुलीची आई केळीच्या गाड्या भरायला जाणारी मजूर, ती पिक्चरभर रडते. पीएसआय मॅडम गॉगल लावून गाडीतून उतरतात तेही स्लो मोशनमध्ये. आणि अगदी शेवटी कळतं की पोरीला पळवलं तिच्या सख्ख्या चुलत्याने, जमिनीच्या वाटणीवरून.

टीममधल्या कोणाच्याही मनात वाईट काही नव्हतं, हे आधीच सांगतो. उलट दिग्दर्शकाला वाटत होतं की आपण चांगला मेसेज देतोय, गरीब गोसावी निर्दोष निघतात, घरातला इभ्रतदार माणूस गुन्हेगार निघतो. आणि तेवढ्यापुरतं ते खरंच होतं. एनसीआरबीच्या, म्हणजे गुन्ह्यांची देशभरची आकडेवारी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, अहवालांत वर्षानुवर्षं हेच दिसतं की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये आरोपी बाईच्या किंवा मुलीच्या ओळखीतला असतो. म्हणजे शेवट बरोबर होता. पण शेवटाच्या आधीची चाळीस मिनिटं कोणाकडे बोट दाखवण्यात जातात हे तेव्हा कोणी मोजलं नव्हतं.

अडचण

सगळ्यात आवडता शॉट होता झोळीचा. गोसावी पाठमोरा, बाजाराच्या गर्दीतून गावाबाहेरच्या रस्त्याला लागतो, डमरूचा आवाज हळूहळू कमी होतो आणि खांद्यावरची झोळी आतून एकदा हलते. बस्स. शूटिंगला झोळीत फुटबॉल ठेवलेला, त्याला तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, बांधलेली, आणि फ्रेमच्या बाहेर बसलेला एक पोऱ्या ती ओढायचा. शॉट भारी झाला होता, मी बघितला तेव्हा अंगावर काटा आला आणि लगेच वाटलं की ह्या काट्याचं पुढे काय होणार.

निम्मं शूटिंग झालं असताना टीझर टाकला. बाजार, शेवेचा पुडा धरलेला पोरीचा हात, डमरू, झोळी, अंधार, मग नाव आणि तारीख. दिग्दर्शकाने तो व्हॉट्सअॅपलाही सोडला. दोनतीन दिवसांत कोणीतरी त्यातला झोळीचा भाग तेवढा कापून घेतला, नाव आणि तारीख गेली, राहिली फक्त झोळी, आणि त्याखाली मजकूर आला की आपल्या भागात पोरं पळवणारी टोळी फिरून राहिली, लेकरांना सांभाळा. हा व्हिडिओ दिग्दर्शकाला स्वतःच्या मामाकडून परत आला, मामाने काळजीपोटी पाठवलेला, भाच्याने काढलाय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पुढच्या बाजाराला शेजारच्या गावात एका भटक्या कुटुंबाला लोकांनी अडवलं. दोन पुरुष, एक बाई, एक लहान पोरगं. "कथाईन उनात तुम्ही?", कुठून आलात, इथून सुरुवात झाली, मग आधार कार्ड दाखवा, मग हे पोरगं तुमचंच कशावरून. गर्दी वाढत गेली. त्या गावच्या पोलीस पाटलांनी डोकं शांत ठेवलं, चौघांना स्वतःच्या ओट्यावर बसवलं, चहा दिला, ठाण्याला फोन लावला आणि पोलीस येईपर्यंत दारात उभे राहिले. कोणाला काही झालं नाही. पण झालं नाही ते त्या एका माणसामुळे.

खान्देशात राहणाऱ्याला पुढचं सांगायची गरज नाही, तरी सांगतो. १ जुलै २०१८, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. पोरं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातून भिक्षुकीसाठी आलेली माणसं ती. त्याच काळात देशभर जे व्हिडिओ फिरत होते त्यातला एक तर चक्क पाकिस्तानात कराचीमध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जनजागृतीच्या फिल्मचा होता. मोटरसायकलवरचे दोघे पोराला उचलतात, आणि मूळ फिल्ममध्ये शेवटी पोराला परत आणून सोडतात आणि संदेश दाखवतात, पण फिरणाऱ्या क्लिपमध्ये तो शेवट कापलेला. त्या महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एकावेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा आणली.

आमच्या टीझरचं तेच झालं होतं. मॅडमने मीटिंगमध्ये हे मांडलं तेव्हा खोलीत कोणी काही बोललं नाही बराच वेळ.

समोर काय काय पर्याय होते

अप्पांचं म्हणणं, टीझर राहू द्या, चर्चा होतेय, पिक्चर आला की लोकांना कळेलच की गोसावी निर्दोष होते. हे ऐकायला निर्दय वाटतं पण सिनेमाच्या धंद्यात बहुतेक जण असंच बोलतात आणि अप्पांनी घरचे पैसे लावले होते.

दिग्दर्शकाला वाटलं पाटी टाकू. कोणत्याही समाजाच्या भावना दुखावण्याचा हेतू नाही, सर्व पात्रं काल्पनिक आहेत. मी याच्या विरोधात होतो. पाटी पिक्चरला चिकटलेली असते, क्लिपला नसते. आणि ज्याला मार पडायचा असतो तो पाटी वाचून घ्यायला थांबा म्हणू शकत नाही. थिएटरला लावायचा असता तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली सर्टिफिकेट लागलं असतं, आणि सेन्सॉर बोर्डाच्या १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांत स्त्रियांना हीन दाखवणारी दृश्यं नकोत, कुठल्या गटाबद्दल तुच्छता दाखवणारे शब्द आणि दृश्यं नकोत असं लिहिलेलं आहे. यूट्यूबला टाकताना असं कोणी आधी बघत नाही, म्हणजे ते बघायचं काम टीमचंच.

कॅमेरावाल्याने सुचवलं की समाज बदला, भगवं काढा, डमरू काढा, साधे अनोळखी दोन माणसं करा. यावर आम्ही बराच वेळ घालवला कारण सोपं होतं, दोन दिवसांत रीशूट झालं असतं. पण गावात "अनोळखी दोन माणसं" म्हटलं की प्रेक्षक मनातल्या मनात तेच चेहरे भरतो. फिरस्ता म्हणजे संशयित हे इथे फार जुनं आहे, ब्रिटिशांनी १८७१ साली कायदाच केला होता ज्याने पुढे जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरल्या, आणि स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं गेली तेव्हा ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यांच्यावरचा तो शिक्का कागदावर पुसला. कागदावर. कपडे बदलून हा संशय जात नाही, फक्त आपल्याला दिसेनासा होतो.

मग गोसावी पूर्ण काढूनच टाका असाही एक विचार आला. यावर निर्णय घेण्याआधी मॅडम आणि दिग्दर्शक तालुक्याच्या गावाबाहेर पालं ठोकून राहिलेल्या डवरी गोसावी कुटुंबांकडे गेले, टीझर त्यांना दाखवला. हे जायला सोपं नव्हतं, दिग्दर्शकाचे हात थरथरत होते म्हणे मोबाईल धरताना. तिथल्या एका वयस्कर बाबांनी क्लिप दोनदा बघितली आणि जे सांगितलं ते मॅडमने वहीत लिहून आणलं: डमरू दाखवा, झोळी दाखवा, आम्ही तेच घेऊन फिरतो, पण झोळीत पोर दाखवू नका, झोळीत पीठ असतं. काढून टाका असं ते म्हणाले नाहीत. त्यांच्या सुनेने उलट विचारलं की आम्ही पिक्चरात बोलतो का, का नुसतेच चालतो. पहिल्या ड्राफ्टमध्ये ते खरंच नुसते चालत होते, दोघांना मिळून एक वाक्य नव्हतं.

शेवटचा पर्याय मॅडमचा. गोसावी ठेवायचे, संशयही ठेवायचा, पण प्रेक्षकाला आधीच सांगून टाकायचं की हे निर्दोष आहेत.

दिग्दर्शक उखडला. "मॅडम, मग ट्विस्ट कुठे राहिला ना भो?"

निर्णयाचा मुद्दा: प्रेक्षकाला कधी काय माहीत

माझ्या मते सगळं प्रकरण या एका वादात आहे म्हणून इथे जरा थांबतो.

थ्रिलरचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉक, त्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि प्रेक्षकाला माहीत नाही, तो फुटला की पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. पण बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवलं आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारत बसली, तर पंधरा मिनिटं प्रेक्षक जीव मुठीत धरून बसतो. थ्रिलर करणारा प्रत्येकजण हे ऐकून असतो, पण हे आपण फक्त टेन्शन वाढवायची युक्ती म्हणून वापरतो. यात प्रतिनिधित्वाचा प्रश्न पण आहे हे मला या पिक्चरच्या वेळी कळलं. प्रेक्षक कोणाला घाबरतो आणि कोणासाठी घाबरतो हे त्याला काय आधी सांगितलं त्यावर ठरतं.

पहिल्या ड्राफ्टमध्ये प्रेक्षक चाळीस मिनिटं गोसाव्यांना घाबरणार, त्यासाठी त्याच्या डोक्यात आधीपासून असलेली भीती आम्ही उधार घेणार, ती संगीताने आणि अंधाराने वाढवणार, आणि शेवटच्या दोन मिनिटांत म्हणणार की नाही हो, ते बिचारे चांगले होते. ते दोन मिनिटं कोणाच्या लक्षात राहतात? झोळी राहते. संशयित पात्र शेवटी निर्दोष निघालं म्हणून त्या समाजाचं चित्रण चांगलं झालं असं धरून चालणं ही आपल्या थ्रिलरवाल्यांची जुनी सवय आहे आणि ती मला साफ चुकीची वाटते.

मॅडमच्या रचनेत प्रेक्षकाला माहीत असणार की हे दोघं निर्दोष आहेत, गावाला माहीत नसणार. मग तोच बाजार, तोच डमरू, तीच गर्दी, पण आता भीती गर्दीची वाटणार. चुलत्याचं गुपित मात्र शेवटपर्यंत ठेवता येतं, कारण गोसावी निर्दोष आहेत एवढंच सांगायचंय, गुन्हेगार कोण ते नाही. दिग्दर्शकाला हे पटायला वेळ लागला, पण ट्विस्ट शाबूत राहतोय म्हटल्यावर तो स्वतःच कागद घेऊन बसला आणि सीन हलवायला लागला.

काय केलं

सगळ्यात आधी टीझर सगळीकडून काढला आणि दिग्दर्शक स्वतः ठाण्यात जाऊन सांगून आला की ही क्लिप आमच्या पिक्चरची आहे. ठाण्यातून गावोगावच्या पोलीस पाटलांच्या ग्रुपवर तसा मेसेज गेला.

पण खुलाशाचा मजकूर कोणी फॉरवर्ड करत नाही. मॅडमची यावरची आयडिया या सगळ्यात सगळ्यात उपयोगी पडली असं मी म्हणेन. त्यांनी झोळीच्या शॉटच्या मागची गंमत दाखवणारा छोटा व्हिडिओ करायला लावला: तोच शॉट, मग कॅमेरा बाजूला वळतो, तंगूस ओढणारा पोऱ्या दिसतो, नट झोळीतून फुटबॉल काढतो आणि अहिराणीत सांगतो की हाई शूटिंग शे, कोनं पोर नही, म्हणजे हे शूटिंग आहे, कोणाचं पोर नाही. सुरुवात हुबेहूब त्या अफवेच्या क्लिपसारखीच ठेवली म्हणजे लोक बघायला थांबतील. तो व्हिडिओ ज्या ज्या ग्रुपवर अफवा गेली होती तिथे तिथे टाकला, आणि लोकांनी तो पुढे पाठवला, कारण त्यात कसं केलं हे बघायची मजा होती. मामांनी पण पाठवला.

मग स्क्रिप्ट. नवीन सीन आला आठव्या मिनिटाला. एसटी स्टँड, भिंतीवरचं घड्याळ, दोन गोसावी गाडीत चढतात, कंडक्टरशी सुट्ट्या पैशावरून थोडी बोलाचाली होते, पुढच्या सीटवरच्या आजीला थोरला गोसावी घरच्याची खबर विचारतो. दोघांना नावं मिळाली, भाषा मिळाली, धाकट्याचे पाय दुखतात हे मिळालं. गाडी निघते. आणि त्यानंतर मुलगी शेवेचा पुडा घेऊन बाजारातून घराकडे निघते. बाकी काही सांगावं लागत नाही, प्रेक्षकाच्या लक्षात आपोआप राहतं.

नंतरचा सीन पुढच्या गावचा बाजार. मला विचाराल तर पिक्चरमधला सगळ्यात चांगला सीन हाच. गोसावी डमरू वाजवत येतात, भाजीवाली बाई त्यांच्या झोळीत मूठभर दाणे टाकते, आणि मागे एका माणसाचा मोबाईल वाजतो. तो बघतो. मान वर करतो. मग दुसऱ्याचा. मग चहाच्या टपरीवरचे तिघं एकदम. संगीत नाही, आरडाओरडा नाही, नुसत्या वर होणाऱ्या माना, आणि डमरू चालूच. कॅमेरा गोसाव्यांच्या बाजूने आहे, त्यांच्या खांद्याच्या उंचीवर. एडिटला बसलो होतो तेव्हा कॅमेरावाला, ज्याने स्वतः ते शूट केलं होतं, तो उठून बाहेर गेला.

राखणदाराच्या रोलला आधी गावातलाच नट होता आणि त्याला काळा मेकअप करणार होते, बोलणं तुटकं, लोक हसावेत असं. ते रद्द झालं. कॉलेजला शिकणारा एक पावरा मुलगा घेतला, त्याने पहिल्याच वाचनात सांगितलं की आम्ही घरात पावरी बोलतो आणि बाहेर तुमच्यासारखीच मराठी, तुटकं कोणी बोलत नाही. डायलॉग त्यानेच नीट केले.

डाकिणीचा सीन पूर्ण गेला. यावर फार चर्चाच झाली नाही. सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झालेली आहे, गावातून हाकललेलं आहे, अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) लोक नंदुरबारकडे त्यावर कितीतरी वर्षं काम करतायत, २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यामागे असल्याच गोष्टी होत्या. पाच सेकंदांच्या दचक्यासाठी ते वापरायचं नाही म्हणजे नाही.

मध्ये अप्पांनी सुचवलं होतं की खरा गुन्हेगार साडी नेसलेला तृतीयपंथी दाखवा, जबरदस्त ट्विस्ट होईल. हे ट्विस्ट किती वापरून झालंय! १९९१ च्या 'सडक'मधल्या महाराणी या तृतीयपंथी खलनायकाच्या रोलला सदाशिव अमरापूरकरांना फिल्मफेअर मिळालं, काम त्यांनी जबरदस्तच केलं होतं, आणि त्याच वर्षीच्या हॉलिवूडच्या 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स'वर याच कारणासाठी तिकडच्या लोकांनी निदर्शनं केली होती. सुप्रीम कोर्टाने २०१४ साली तृतीयपंथीयांची तिसरं लिंग म्हणून ओळख मान्य केली, आणि आपण अजून घाबरवायला साडीच शोधतोय. मॅडमने अप्पांना सांगितलं की अप्पा, आपल्या बाजारात दुकानांपुढे टाळी वाजवत येणाऱ्या ज्या ताई आहेत, त्या तुमच्या दुकानाला आशीर्वाद देतात ना, त्यांना पिक्चर दाखवाल का. विषय तिथेच संपला.

आईचं काय

झोळीच्या गडबडीत बायकांच्या पात्रांकडे दुर्लक्ष झालं असतं, पण मॅडमने होऊ दिलं नाही.

पहिल्या ड्राफ्टमध्ये एक पाठलागाचा सीन होता. मुलीची शाळेतली बाई संध्याकाळी बागेच्या कडेने घरी चाललीय आणि कोणीतरी पानांआडून तिला बघतंय. कॅमेरा म्हणजे त्या बघणाऱ्याचे डोळे, तिची पाठ, तिची वेणी, तिचे पाय. ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय की पडद्यावर पुरुष बघतो आणि बाई बघितली जाते, आणि कॅमेरा आपल्याला त्या पुरुषाच्या जागी बसवतो. आमच्या सीनला तर ते शब्दशः लागू होत होतं. प्रेक्षकातल्या बाईने पण तो सीन बघताना पाठलाग करणाऱ्याच्या डोळ्यातूनच बघायचं, म्हणजे स्वतःचाच पाठलाग करायचा! दिग्दर्शकाचा प्रश्न बरोबर होता की मग भीती कशी दाखवायची. बाईंच्या भूमिकेतल्या मुलीनेच उत्तर दिलं. ती म्हणाली की मी रोज क्लासवरून अशी येते, मला मागचा माणूस दिसत नसतो, मला फक्त ऐकू येतं. मग सीन तिच्या चेहऱ्यावर ठेवला. मागे वाळलेलं पान मोडल्याचा आवाज. ती चालण्याचा वेग वाढवत नाही, कारण वेग वाढवला की समोरच्याला कळतं. मोबाईल कानाला लावते आणि खोटंच बोलायला लागते, हो पप्पा, आलेच, तुम्ही पुलाजवळच थांबा. गावात दाखवला तेव्हा या सीनला पुरुष गप्प होते आणि बायका एकमेकींकडे बघत होत्या.

मग आई. ती रडत होती, कारण थ्रिलरमध्ये आया रडतात आणि तपास पुरुष करतात. मॅडमने विचारलं की या बाईला असं काय माहीत आहे जे पोलिसांना माहीत नाही. ती केळी कापणीच्या टोळीबरोबर जाते, घड डोक्यावर वाहून गाडीपर्यंत नेते, तालुक्यातली प्रत्येक बाग तिला पायाखालची आहे. तर शोध तिनेच लावला. एका बागेच्या आतल्या ओळीत वाळलेली पानं तुडवून वाट पडलेली तिला दिसते, आणि त्या बागेची कापणी व्हायला अजून महिना आहे, घड पोसलेलेच नाहीत, म्हणजे टोळी तिथे गेलेली असणं शक्य नाही. रोज रात्री ठिबक बघायला जाणारा माणूस कडेकडेने जातो. आतून कोण गेलं? बाग कोणाची, तर दिराची. तिथून पिक्चर फिरतो. मराठीत १९९९ सालीच 'बिनधास्त'सारखा जवळपास सगळा बायकांनीच पेललेला थ्रिलर येऊन गेलाय, म्हणजे बाईच्या डोक्याने रहस्य चालत नाही हे कोणी सांगू नये. आमच्या पिक्चरमध्ये फरक एवढाच की डोकं चालवणारी बाई मजूर आहे आणि तिची हुशारी तिच्या कामातून येते.

पीएसआय मॅडमचा गॉगल गेला. रोल फारसा सुधारला नाही, खरं सांगायचं तर.

निकाल

पिक्चर ठरल्यापेक्षा बराच उशिरा आला. अप्पांनी मध्येच हात आखडता घेतला, रीशूटचा खर्च दिग्दर्शकाने लग्नाच्या गाण्यांच्या ऑर्डरी घेऊन भरून काढला. चॅनलच्या कॉमेडीला जेवढे लोक येतात तेवढे याला आले नाहीत. काहींनी लिहिलं की स्लो आहे, अॅक्शन नाही. पण शेवटपर्यंत बघणाऱ्यांचं प्रमाण चॅनलच्या इतर व्हिडिओंपेक्षा चांगलं निघालं, आणि सगळ्यात जास्त बोललं गेलं ते माना वर होण्याच्या सीनबद्दल. चुलता गुन्हेगार आहे हे बहुतेकांना आधी ओळखता आलं नाही, म्हणजे दिग्दर्शकाची जी भीती होती ती खोटी ठरली.

गावात मंदिरासमोरच्या पटांगणात प्रोजेक्टर लावून दाखवला तेव्हा पालावरचे बाबा आणि त्यांची सून आले होते. सुनेला एसटीचा सीन आवडला, तिने सांगितलं की कंडक्टर अस्सेच बोलतात. बाबांनी सांगितलं की धाकट्याने डमरू चुकीच्या हातात धरलंय. ते खरंच चुकलं होतं आणि आता बदलता येत नव्हतं.

पावरा मुलगा पुढच्या पिक्चरला लेखनात आहे. गोसाव्यांच्या भूमिका मात्र गावातल्याच नटांनी केल्या. समाजातल्या कोणाला घ्यायचं बोलणं झालं होतं, पण ते फिरतीवर होते आणि तारखा जमल्या नाहीत. हे मला अजूनही कमी वाटतं.

कापलेली जुनी क्लिप पूर्ण गेलेली नाही. अधूनमधून कुठल्या तरी ग्रुपवर येते, मग कोणीतरी फुटबॉलवाला व्हिडिओ टाकतं.

वेगळं काय करता आलं असतं

पालावर टीझरनंतर गेले, स्क्रिप्टच्या आधी जायला हवं होतं. बाबांनी सांगितलेली पिठाची गोष्ट पहिल्याच दिवशी कळली असती तर तो शॉट घेतलाच गेला नसता, रीशूटचे पैसे वाचले असते आणि शेजारच्या गावातल्या त्या चौघांना ओट्यावर बसून पोलिसांची वाट बघावी लागली नसती. सल्ला शेवटी घेतला की तो दुरुस्ती ठरतो आणि आधी घेतला की गोष्टच वेगळी सुचते.

टीझर वेगळ्या माणसाने कापला होता, त्याला पूर्ण गोष्ट माहीतच नव्हती, त्याने फक्त भारी दिसणारे शॉट उचलले. थ्रिलरचा टीझर म्हणजे संशयाचा अर्क असतो, खुलासा त्यात कधीच नसतो, त्यामुळे टीझर बनवताना एकच तपासावं की यातला कुठलाही पाच सेकंदांचा तुकडा एकटा फिरला तर रस्त्यावरच्या कोणत्या माणसाला त्रास होईल. आणि नाव शेवटी टाकण्यापेक्षा प्रत्येक फ्रेमवर, मध्यभागी, कापता येणार नाही असं टाकावं. दिसायला वाईट दिसतं, दिसू दे.

स्क्रिप्ट वाचताना मी आता एक तक्ता करायला सांगतो. कितव्या मिनिटाला प्रेक्षकाचा संशय कोणावर आहे, त्या पात्राची जात, समाज, लिंग काय, त्याला तोवर किती वाक्यं बोलायला मिळाली, आणि संशय फिटतो तेव्हा किती वेळ दिलाय. या पिक्चरच्या पहिल्या ड्राफ्टचा तक्ता नंतर करून बघितला तर संशयाची सुई फिरून फिरून ज्यांच्यावर गेली त्यातल्या एकाचंही गावात पक्कं घर नव्हतं, आणि घर असलेल्यांपैकी एकावरही शेवटच्या सीनपर्यंत गेली नाही. दिग्दर्शकाने तो तक्ता पुढच्या स्क्रिप्टच्या पहिल्या पानाला स्टेपल करून ठेवलाय. पुढची गोष्ट कापसाच्या जिनिंगमधल्या चोरीची आहे, आणि पहिला संशय या वेळी मालकाच्या भाच्यावर आहे.